बसून म्हटलेला झिम्मा

आत्ती, गाणं अजून माझ्याकडेच आहे.

तू गेल्यावर तुमच्या झिम्म्याच्या ग्रुपमधल्या बायडाक्कांचा पहिला फोन आला तो मी उचलला नाही. सांत्वनाचा असेल असं वाटलं, आणि सांत्वनाला काय उत्तर द्यायचं ते मला अजून कळत नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा उचलला. त्या म्हणाल्या, "पोरी, रडून झालं आमचं. आता गाण्याचं काय करतीस सांग."

पप्पा म्हणाले होते, आत्तीवर चार चांगले शब्द लिही, तुमच्या कॉलनीतल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात कुणीतरी वाचेल. मी लिहायला बसले. तुझा जन्म कुठला, मामांशी लग्न कधी झालं, त्यांच्या कारखान्यातल्या नोकरीच्या काळात तू घर कसं चालवलंस, हे सगळं ऐकणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चार चांगले शब्द काही जमले नाहीत. त्यापेक्षा आपलं जे बोलणं अर्धवट राहिलं तेच पुरं करावं म्हणते. तुझ्यासमोर मला कधी सलग बोलता आलं नाही. आता तू मधे बोलणार नाहीस, तर प्रयत्न करते.

सुरुवात तूच केलीस. गेल्या वर्षी गौरीच्या वेळी झिम्मा-फुगडीच्या स्पर्धेत तुमचा ग्रुप अर्ध्यातच दमला होता. "गुडघं चांगलं हायत गं आमचं," तू म्हणालीस, "दमच पुरत न्हाय. एक तर उड्या मारायच्या, न्हाय तर गायचं. दोन्ही आता एका बाईला जमत न्हाय." यंदा स्पर्धेत आधी रेकॉर्ड केलेलं गाणं चालणार होतं. हे कळल्याबरोबर तू वारणानगरच्या कॉलनीत जाहीर करून टाकलंस की आपलं गाणं स्टुडिओत होणार, माझी भाची हाय की कोल्हापुरात. मला हे बायडाक्कांकडून कळलं. तू विचारलं नव्हतंस. तू मला कधीच काही विचारत नव्हतीस, सांगत होतीस, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारखीला ते सोपं जायचं.

स्टुडिओ माझा नाही, हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. मी राजारामपुरीतल्या एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत नोकरी करते. दुकानांच्या जाहिराती, शाळांच्या गॅदरिंगची गाणी, देवाची गाणी. एका खोलीत माणूस गातो, दुसऱ्या खोलीत मी काचेमागे बसते. काचेमागे बसायचं असतं म्हणून हे काम मला आवडतं, असं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगावं लागलं नाही. मी लहान असताना गौरी-गणपतीच्या सुट्टीत तुझ्याकडे यायचे तेव्हा तुम्ही बायका अंगणात फुगड्या घालायचात आणि मी पायरीवर बसून बघायचे. कुणीतरी म्हणायचंच, "इंग्लिश शाळेत घातलीया न्हवं, लाजतीया." कुणी हात धरून ओढायचं. तू म्हणायचीस, "बघतीया ती. बघू दे की. बघणारं बी कुणीतरी पायजेच." माझ्या आजवरच्या आयुष्यात माझी बाजू इतक्या थोडक्यात कुणी मांडलेली नाही. ते तुला सांगायचं राहिलं.

तुम्ही सगळ्या वडापची जीप करून आलात. ठेवणीतल्या साड्या, अंबाडे, एकीच्या हातात भाकरीचं गठुडं. मला वाटलं होतं चारपाच जणी येतील. गायच्या बूथमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. मी माइक लावले, काचेमागे गेले, आणि आवाज तपासायला तुम्हाला नुसतं बोला म्हटलं, तर पहिला आवाज आला तो बांगड्यांचा. हिरव्या काचेच्या बांगड्या, प्रत्येकीच्या दोन्ही हातांत कोपराच्या दिशेने भरलेल्या. एकीने पदर सारखा केला तरी माइकला गारा पडल्यासारखं ऐकू यायचं.

मी बटण दाबून विचारलं, "बांगड्या काढून ठेवता येतील का?"

मग बायडाक्का माइकच्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "पोरी, मालक जिवंत हाय माझा."

काय हसलात तुम्ही. माझे कान तापले होते. काचेतून दिसलं असेल. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. कमरेचा रुमाल काढलास, मनगटावरच्या बांगड्या त्याने आवळून बांधल्यास आणि हात वर करून हलवून दाखवलास. आवाज बंद. मग सगळ्यांनी बांधल्या. जिच्याकडे रुमाल नव्हता तिने भाकरीचं फडकं फाडून घेतलं. वरून तू दम दिलास, "आता मांडी घालून नीट बसा गं सगळ्या. स्टुडिओ हाय ह्यो, चौक न्हवं. कुणी हलायचं न्हाय." मीही माझ्या बाजूने सांगितलं की पाय हलवू नका, लाकडी जमीन आहे, धप्प असा आवाज येतो.

म्हणजे चूक आपण दोघींनी मिळून केली. तुला वाटलं स्टुडिओत शिस्तीत बसावं लागतं. मला वाटलं आवाज स्वच्छ यायला हवा. झिम्म्याचं गाणं, आणि आपण ते हातपाय बांधून म्हणून घेतलं.

कानात लय मोजणारी टिकटिक मी तुला हेडफोनवर दिली होती. दोन ओळींत तू हेडफोन काढून खाली ठेवलास. "कानात कोण घड्याळ लावलंय? मला काय गाडी पकडायची हाय व्हय?" मग मी टिकटिक बंद केली आणि तू तुझ्या अंदाजाने म्हटलंस.

गाणं तू स्वतः जुळवलेलं. तू विचारायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं.

पाटाला काय आलं बाई, पाटाला काय आलं?
पाटाला पाणी आलं बाई, पाटाला पाणी आलं.
पाण्यात काय आलं बाई, पाण्यात काय आलं?
पाण्यात फूल आलं बाई, पाण्यात फूल आलं.

असं ते फूल माहेराहून निघतं, कुणीतरी उचलतं, कुणालातरी देतं आणि शेवटी एकीच्या वेणीत जातं. पहिल्याच खेपेला गाणं पार पडलं. एकही ओळ चुकली नाही. आपण ते ऐकलं तेव्हा कुणीतरी डोळ्याला पदर लावला आणि बायडाक्का म्हणाल्या, "आयला, आपण बऱ्या गातोय की!" मी तुला "छान झालं" एवढंच म्हटलं. तुझा आवाज इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. अंगणात तो सगळ्यांचा असायचा. हेडफोनमध्ये ओळीआधी तू घेतलेला श्वास, ओठ उघडण्याचा बारीक आवाज, "बाई" म्हणताना तुझं किंचित हसणं, सगळं मला एकटीला ऐकू येत होतं. हे त्याच वेळी म्हणता आलं असतं. मी वायर गुंडाळत बसले.

मागाहून मी कॉम्प्युटरवर ढोलकी आणि टाळ्या बसवल्या, तुमच्या गाण्याच्या संथ लयीने, आणि गाणं तुझ्या मोबाइलवर पाठवलं. मग तुझा फोन आला.

"मडम, तुझं गाणं पायात अडकतंय गं."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय वर उचलला की खाली ठेवायला गाणंच येत न्हाय. बायडी एका पायावर हुबी ऱ्हायली बगळ्यागत. शेवटी पडली."

मागून बायडाक्कांचा आवाज, "पडलो न्हाय, टेकलो!"

"गाणं चांगलं हाय," तू म्हणालीस. "पर बसून म्हटलेलं हाय. बसलेल्या बाईचं गाणं हाय ते. हुबं कर त्याला."

त्यानंतर तू एकटीच स्टुडिओत आलीस, दुपारची. मला वाटलं होतं हे दोन मिनिटांचं काम आहे. तुला शेजारी बसवलं आणि सांगितलं, आत्ती, हा इथला आकडा म्हणजे गाण्याचा वेग, हा वाढवला की गाणं पळेल. आकडा वाढवला, बटण दाबलं. ढोलकी पळाली. टाळ्या पळाल्या. त्या कॉम्प्युटरने वाजवलेल्या होत्या, आकडा सांगेल तशा त्या वागणार. तुझा आवाज मात्र होता तिथेच. तू आपली शांतपणे पाटाला काय आलं विचारते आहेस आणि ढोलकी पुढच्या कडव्यात जाऊन पोचली आहे. हे असं होतं ते मला माहीत होतं. माणसाने गायलेला आवाज आकड्याच्या मागे आपोआप जात नाही, त्याला तसं वेगळं सांगावं लागतं. घाईत मी ते केलं नव्हतं. पण तू इतकी हसलीस की खुर्चीवरून घसरायची बाकी होतीस.

"बघितलंस?" तू म्हणालीस. "वरातीत ढोलकीवाला पुढं गेलाय आणि नवरी मागंच."

मग मी ते नीट केलं. तुझा आवाज आकड्याला बांधला आणि पुन्हा लावलं. आता सगळं एकत्र चाललं, वेग बरोबर होता, सूरही बदलला नव्हता. मी खूश होते. तू हसायची थांबलीस. डोकं कलतं करून ऐकलंस.

"ही कोण?"

"तूच."

"मी न्हवं ही. ह्या बाईला कुठंतरी जायचंय."

मी समजावलं. आवाज कमी वेळात दाबून बसवला की असं थोडं होतं, मी अजून हात फिरवीन, बारीक बारीक दुरुस्त करीन, सगळेच असं करतात. आणि मग मी म्हटलं, "आत्ती, कुणालाही कळणार नाही."

"आणि मला?"

चिडले होते मी. काम माझं, आणि तू खुर्चीत बसून माझं काम नको म्हणत होतीस. मी म्हटलं, मग काय करायचं? तू उठलीस, पिशवी घेतलीस. "परत म्हणायचं की. सगळ्यांना घेऊन येतो. हुबं राहून म्हणतो, नाचत म्हणतो, बांगड्या सोडून म्हणतो. तू तुझं ते माइक जरा उंच बांध." मी म्हटलं, बूथमध्ये नाचायला जागा नाही. तू म्हणालीस, "मग भिंत पाड." जिन्यावरून उतरताना वर न बघता हात हलवलास. मी भिंत, जागा, माइक, भाडं यांचा विचार करत राहिले आणि दोन दिवस तुला फोन केला नाही, कारण तू बरोबर आहेस हे मान्य करायचं नव्हतं आणि तू चूक आहेस असंही वाटत नव्हतं. मग पप्पांचा फोन आला.

आपलं भांडण तिथे थांबलं. संपलं नाही.

बायडाक्कांना गाणं हवं होतं. त्यांचं म्हणणं असं की तू नसताना स्पर्धेत जायचं तर तुझ्या आवाजावरच जायचं, नाहीतर जायचंच नाही. मी वारणानगरला गेले. तुझ्या घरात अजून माणसं येत-जात होती. मामा बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. तुझ्या खुर्चीत कुणी बसू नये म्हणून ते स्वतःच तिच्यात बसतात, असं मला वाटलं, विचारलं नाही. बायडाक्कांनी मला पाणीही पिऊ दिलं नाही, विषय काढला.

"दाजी, गाणं पळवून घ्यायचंय. मशीनवर हुतंय म्हणं."

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "ती न्हाई म्हणालती न्हवं?"

मी मान हलवली. तू त्यांना सांगितलं असणारच.

"मग? गाणं म्हणजे काय रबर हाय व्हय, ताणलं न्हाय तर दाबलं?"

"दाजी," बायडाक्का म्हणाल्या, "ती न्हाई म्हणालती कारण ती परत म्हणणार हुती. आता कोण म्हणणार?"

खोलीतली बाकीची माणसं चपलांकडे बघायला लागली. मला उठून जावंसं वाटत होतं. खरं तर दोघंही बरोबर होते. तू नको म्हणाली होतीस. आणि तू नको म्हणालीस तेव्हा तुझ्याकडे दुसरा उपाय होता, तो आता नव्हता. न बदललेलं गाणं कुणाच्याच पायांना चालणार नव्हतं, मोबाइलमध्ये पडून राहिलं असतं. बदललेलं तुझं राहिलं नसतं. यातलं काय करायचं ते माझ्या हातात होतं, आणि मला आयुष्यात कुठल्या हॉटेलात काय खायचं तेही पटकन ठरवता येत नाही.

शेवटी मामा म्हणाले, "करायचं ते करा. मला ऐकवू नगा."

मी तुझ्या एका वाक्याला धरून बसले. "बसलेल्या बाईचं गाणं हाय. हुबं कर त्याला." आकडा वाढवला तेव्हा मी गाणं पळवलं होतं, उभं केलं नव्हतं. झिम्म्याचा वेग एका आकड्यात बसत नाही. सुरुवातीला पाय रेंगाळतात, मग टाळी पायाला ओढते, मग पाय टाळीला, आणि शेवटी फुगडी सुरू झाली की कुणाच्याच हातात काही राहत नाही. हे मी पायरीवर बसून वर्षानुवर्षं बघितलेलं. कामात मात्र ते वापरायचं सुचलं नव्हतं.

कॉलनीच्या हॉलमध्ये मी जमिनीपासून वीतभर उंचीवर माइक लावले आणि बायकांना म्हटलं, गाणं मनात म्हणा आणि नुसत्या नाचा. मला फक्त तुमचे पाय आणि टाळ्या हव्यात. बांगड्या राहू देत.

फेर धरला. दोन पावलं टाकली आणि थांबल्या. बायडाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तोंड मिटून झिम्मा घालायचा? मयतीला आलोय काय आम्ही?"

बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच कळलं. कुणी कुणाकडे बघेना. एक लहानखुरी सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी माइकचा स्टँड उगाच घट्ट करत बसले. मग बायडाक्काच म्हणाल्या, "बरं, हळू गुणगुणलं तर चालंल का गं तुझ्या मशीनला?" मी म्हटलं, चालेल. त्यांनी पुन्हा फेर धरला. मधली जागा, जिथे तू उभी राहून विचारायचीस, ती मोकळी ठेवली. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

ते पाय घेऊन मी कोल्हापूरला आले आणि दिवसा जेवढा वेळ मिळेल तेवढा तुझा आवाज त्या पायांवर बसवत गेले. हे कसं करतात ते तुला सांगते, तू खुर्चीत बसली असतीस तर विचारलंच असतंस. सगळा आवाज सारखा दाबायचा नाही. "पाटाला" मधला प आणि ट यांना हात लावायचा नाही, ते दाबले की माणूस बोबडा वाटतो. "बाई" मधला लांबवलेला स्वर थोडा आवरता येतो, तिथे जागा असते. "आलं" चा शेवट आवरता येतो. आणि श्वास. मशीन श्वासही दाबतं आणि तिथेच आवाज परका होतो. तुला ती बाई घाईतली का वाटली ते मला तेव्हा कळलं. तू गात होतीस तुझ्यासारखीच, पण श्वास दुसऱ्या कुणाचा तरी, धापा टाकणाऱ्या बाईचा लागला होता. मी तुझे सगळे श्वास कापून बाजूला ठेवले आणि जसेच्या तसे परत लावले. वेळ कमी पडला तो लांबवलेल्या स्वरांतून काढला. ओळ लवकर संपते आता, पण श्वास तू घेतला होतास तेवढाच आहे.

पहिली कडवी जमली. तू उभी राहिल्यासारखी वाटायला लागलीस. पुढची कडवीही जमली, म्हणजे मला तरी त्यात तूच ऐकू येत होतीस. पण फूल कुणी उचललं इथे आलं की पाय एकदम सुटतात. तिथून पुढे बायका जवळजवळ दुपटीने पळत होत्या, आणि तू स्टुडिओत मांडी घालून निवांत विचारत होतीस. मी सगळे उपाय केले. स्वर आवरले, शब्द जवळ आणले, तुकडे करून जोडले. "कुणाला दिलं बाई" चं नुसतं चिरकं काहीतरी व्हायला लागलं. ऐकताना मला तुझा चेहरा दिसेना. ही कोण, असं मीच विचारलं.

मग मी तिथे कापलं. फूल कुणी उचललं, वन्संनी उचललं, इथे तुझा आवाज संपतो. पुढे पाय आणि टाळ्या चालू राहतात आणि पाठीमागे ढोलकी. तू नको म्हणाली होतीस ते मी अर्धंच ऐकलं, आत्ती. जिथवर ती तू होतीस तिथवर तुला पळवलं. पुढे नाही नेलं. तुला विचारून करायला हवं होतं, आणि तेवढीच सोय राहिली नव्हती.

बायकांना मी फोनवर सांगितलं की आत्ती इथपर्यंतच येते, पुढचं तुमचं तुम्हाला म्हणावं लागेल. "म्हणू की," त्या म्हणाल्या. "पाठ हाय सगळं."

गेल्या रविवारी हॉलमध्ये स्पीकर लावला. फेर धरून झाला होता तेवढ्यात दारात मामा आले. तीच प्लास्टिकची खुर्ची स्वतः उचलून आणली होती. दाराला लागून बसले आणि फरशीकडे बघत राहिले. मी बटण दाबलं.

तू विचारलंस, पाटाला काय आलं. पाय खाली आला तेव्हा गाणं तिथे होतं. बायडाक्कांनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. दुसऱ्या कडव्याला टाळी वर गेली, तिसऱ्याला पदर खोचले गेले. मी मामांकडे बघत नव्हते असं नाही. त्यांची मान खालीच होती, पण चपलेतला अंगठा हलत होता.

फूल कुणी उचललं बाई, फूल कुणी उचललं? वन्संनी उचललं बाई, वन्संनी उचललं.

आणि तुझा आवाज थांबला. पाय चालू, टाळ्या चालू, फेर फिरतोय, आणि गाणं नाही. सगळं पाठ होतं त्यांना. पण त्यांना उत्तरं पाठ होती. इतकी वर्षं विचारत तूच आलीस. कुणाला दिलं हे कुणीतरी विचारल्याशिवाय सांगायचं कसं? फेरातली प्रत्येक बाई दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. बायडाक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी स्पीकरच्या वायरीकडे बघितलं. एक अख्खा फेरा तसाच मुका गेला.

तेव्हा दाराकडून, सुराशी काही संबंध नसलेल्या आवाजात, कारखान्याच्या भोंग्याने ओरडावं तसं मामांनी विचारलं,

"कुणाच्या येणीत माळलं बाई, कुणाच्या येणीत माळलं?"

बायका एवढ्या हसल्या की फेर तुटायला आला. बायडाक्का पळता पळता ओरडल्या, "अवो दाजी, त्याच्या आधी कुणाला दिलं ते इचारा की! एकदम येणीतच घुसलासा!"

"बरं, कुणाला दिलं बाई?"

"धाकलीला दिलं बाई, धाकलीला दिलं!"

पाय थांबले नाहीत. मामांनी सगळे प्रश्न विचारले, दोन चुकीच्या जागी, एक दोनदा. खुर्चीतून उठले नाहीत. आवाज बसला तरी विचारत राहिले, आणि त्या फुगडी घालत त्यांना सांगत राहिल्या. इतकी वर्षं ते आतल्या खोलीत पेपर वाचत असायचे तेव्हा त्यांच्या कानावर हे सगळं पडत होतं, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. आणि मी स्वतःला बघणारी समजत होते.

संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मला म्हणाले, "ते बसून म्हटलेलं पुसलंस काय?"

मी म्हटलं, "नाही. आहे तसंच आहे."

"असू दे," ते म्हणाले. तेवढंच.

मामांना स्पर्धेत घेता येत नाही, बायकांची स्पर्धा आहे. त्यामुळे राहिलेले प्रश्न एकेकीने वाटून घ्यायचे असं ठरलं, आणि तिथेच जोरात भांडण लागलं. "कुणाला दिलं" कुणालाच नको आहे. "वेणीत माळलं" सगळ्यांनाच हवं आहे. बायडाक्का म्हणतात, मोठी मी, मला द्या. त्यांची जाऊ म्हणते, तुमचा आवाज माळण्याचा न्हाय, मोडण्याचा हाय. ती लहानखुरी सून काहीच बोलत नाही, पण तिलाही हवं आहे, मला दिसतं. रोज मला फोन येतात, जणू ते माझ्या हातात आहे. तू असतीस तर एकीकडे बोट दाखवून मोकळी झाली असतीस, आणि कोणी हूं की चूं केलं नसतं. आम्ही अजून भांडतोय.